बंधुमंडळाचें दार

कोणत्याहि संस्थेचा वर्धापनदिन उजाडला, म्हणजे तिच्या वयाचा आणि दानधर्माचा हिशेब मांडण्याची आपल्याकडे चाल आहे. स्थापनेचें साल, आद्य संस्थापकांचीं नांवें, आश्रयदात्यांची यादी, वाटलेलीं वस्त्रें, दिलेल्या शिष्यवृत्त्या आणि शेवटीं अध्यक्षांचे आभार, एवढ्यांत अहवाल पुरा होतो. हा हिशेब निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जी संस्था आपणांस बंधुमंडळ म्हणविते, तिला आणखी एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे. या मंडळानें बंधु म्हणून कोणास आंत घेतलें, कोणास दाराबाहेर ठेविलें, आणि वर्षें लोटलीं तसें तें दार रुंदावलें कीं अरुंद झालें? परभणीसारख्या मराठवाड्यांतील गांवाचा अलीकडचा इतिहास चाळतांना हाच प्रश्न आमच्या मनांत पुनःपुन्हां उभा राहिला. आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं प्रथम थोडें दूर, मुंबई बंदरापर्यंत, जावें लागलें.

दरवर्षीं 24 नोव्हेंबर रोजीं भारतांतील फ्रीमेसन मंडळें विश्वबंधुत्व दिन पाळतात आणि त्या निमित्तानें लोकसेवेचीं कामें हातीं घेतात. 1961 सालीं याच तारखेस नवी दिल्ली येथें भारताच्या स्वतंत्र ग्रँड लॉजची स्थापना झाली आणि रामपूरचे नबाब सय्यद रझा अली खान हे तिचे पहिले प्रमुख झाले. तोंपर्यंत येथील सर्व लॉजें इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंड येथील वरिष्ठ मंडळांच्या सनदेवर चालत असत. देशास राजकीय स्वातंत्र्य मिळाल्यावरहि बंधुत्वाची सनद स्वदेशीं होण्यास आणखी चौदा वर्षें लागलीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दिल्लींतील शाळा, कोइमतूर येथील मुलांचें रुग्णालय अशा कांहीं संस्था या बंधूंच्या औदार्याची साक्ष देतात. इंग्लंडांत तर 1788 पासूनच मेसनांच्या अनाथ मुलींसाठीं शाळा चालत आली. तेव्हां दानधर्माच्या रकान्यांत या मंडळाची बाजू लंगडी नाहीं.

मेसन या शब्दाचा अर्थ गवंडी. युरोपांत देवळें आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांच्या जुन्या मंडळ्यांचीं हत्यारें आणि संकेत घेऊन विचारी लोकांनीं जें नवें मंडळ उभारलें, त्याची पहिली ग्रँड लॉज लंडन येथें 1717 सालीं स्थापन झाली असें परंपरा सांगते. गुण्या आणि कंपास हीं त्याचीं चिन्हें. गुण्यानें दगड काटकोनांत बसतो कीं नाहीं तें पाहावयाचें, आणि माणसानें आपलें आचरणहि तसेंच पारखून घ्यावयाचें, असा त्यांतील संकेत. शिकाऊ, सहकारी कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या चढावयाच्या. एका परमेश्वरावर श्रद्धा असावयास पाहिजे, पण त्याचें नांव प्रत्येकानें आपापलें घ्यावयाचें. आणि सभेंत धर्म व राजकारण यांचा वाद काढावयाचा नाहीं. दाराबाहेर नागवी तलवार घेऊन एक राखणदार उभा असतो, त्यास टायलर म्हणतात. आंत काय चालतें तें बाहेर सांगावयाचें नाहीं, अशी शपथ. इराणांत अशा घरास विस्मृतिगृह या अर्थाचें फरामोशखाना हें नांव पडलें. आपल्या देशांत भोळ्या लोकांनीं त्यास जादूघर म्हटलें. ज्या घरांत दिवे लागलेले दिसतात, साहेब लोक झगे घालून जातांना दिसतात, आणि ज्यांतून एक शब्दहि बाहेर येत नाहीं, त्यास दुसरें नांव तें काय पडणार?

हिंदुस्थानांत हें मंडळ कंपनीच्या नोकरांबरोबर आलें. 1730 च्या सुमारास कलकत्त्यास आणि 1758 मध्यें मुंबईस लॉजें निघालीं. पुढें शंभर वर्षें बंधुत्वाच्या या दारांतून आंत गेले ते बहुतेक सारे युरोपीय होते. कर्नाटकच्या नबाबाचे पुत्र उमदत-उल-उमरा यांच्यासारख्या एखाद्या राजपुरुषास अठराव्या शतकांत प्रवेश मिळाला, पण तो अपवाद. सर्व माणसें एका शिल्पकाराचीं लेकरें, असें आंत रोज म्हणावयाचें आणि दाराशीं उभ्या असलेल्या नेटिवास मात्र आंत घ्यावयाचें नाहीं, हा विसंवाद कांहीं मेसनांसहि खटकूं लागला होता. तो उघड झाला मुंबईंत, आणि त्यास निमित्त झाले माणकजी करसेटजी.

माणकजी हे सुशिक्षित, महत्त्वाकांक्षी पारशी गृहस्थ. मुंबईच्या लॉजमध्यें प्रवेश मिळावा म्हणून त्यांनीं खटपट केली, पण ती निष्फळ ठरली. पुढें युरोपांत गेले असतां त्यांस पॅरिसच्या एका लॉजनें बंधु करून घेतलें. मायदेशीं बंद असलेलें दार परदेशीं उघडावें, हा त्या काळाचा उपहासच म्हणावयाचा. परंतु याच सुमारास मुंबईंत डॉ. जेम्स बर्न्स नांवाचा एक स्कॉटिश वैद्य पश्चिम हिंदुस्थानांतील स्कॉटिश मेसनांचा प्रमुख होता. 1841 मध्यें काबूल येथें मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स यांचा हा भाऊ. देशी लोकांस प्रवेश देण्याचा प्रश्न जुन्या लॉजांत सुटत नाहीं असें पाहून त्यानें त्यांच्यासाठीं एक निराळें लॉजच काढलें. 15 डिसेंबर 1843 हा त्याचा स्थापनादिन, आणि रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया, म्हणजे पश्चिम हिंदुस्थानचा उगवता तारा, हें त्याचें नांव. पहिल्या बंधूंत पारशी होते तसे इराणी मुसलमानहि होते, आणि माणकजी त्याचे पहिले चिटणीस झाले.

या घटनेचें महत्त्व आज सहज लक्षांत येत नाहीं. त्या वेळच्या मुंबईंत पारशी, मुसलमान, हिंदु आणि ख्रिस्ती हे पेढीवर एकत्र येत, कचेरींत एकत्र येत. पण पेढीचें फडतळ बंद झालें कीं प्रत्येकजण आपापल्या आळींत, आपापल्या जेवणाच्या पानावर परत जाई. अशा शहरांत एका मेजावर झेंद अवेस्ता, कुराण आणि बायबल शेजारीं शेजारीं ठेवून ज्यानें त्यानें आपल्या ग्रंथावर हात ठेवावा आणि शब्द मात्र सर्वांनीं एकच उच्चारावे, हें दृश्य नवें होतें. पुढें हिंदूंच्या प्रवेशाबरोबर गीतेसहि तेथें स्थान मिळालें. मुंबईंत जन्मलेला रडयार्ड किपलिंग 1886 मध्यें लाहोरच्या लॉजमध्यें दाखल झाला. आपल्याला तीन पायऱ्या चढविणाऱ्यांत एक ब्राह्म समाजी हिंदु, एक मुसलमान आणि एक इंग्रज होता, आणि दारावरचा टायलर हिंदी यहुदी होता, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. साम्राज्याचा भाट म्हणून ज्याची ख्याति, त्यासहि त्या खोलीपुरती समता अनुभवावीशी वाटली. पण तेथील बंधु एकत्र जेवूं शकत नसत, कारण जेवणानें कोणाची जात जाईल हें भय होतें, याचीहि नोंद त्यानें आपल्या एका कवितेंत केली आहे. शपथेनें भाऊ झालेले पंगतीस परके राहिले.

हिंदूंच्या प्रवेशास तर बराच काळ हरकत होती. अनेक देव मानणारा मनुष्य एका परमेश्वरावरील श्रद्धेची शपथ कशी घेणार, असा आक्षेप घेतला जाई. बंगाल्यांत प्रसन्नकुमार दत्त यांस दीर्घ झगड्यानंतर 1872 मध्यें प्रवेश मिळाला, आणि त्यानंतर बाराच वर्षांनीं, 1884 मध्यें, कलकत्त्याच्या एका लॉजांत नरेंद्रनाथ दत्त नांवाचा तरुण दाखल झाला. तेच पुढें स्वामी विवेकानंद म्हणून जगास ठाऊक झाले. दार हळूहळू उघडत होतें, हें कबूल केलें पाहिजे. पण त्यांतून आंत जाण्यास इंग्रजी भाषा, वर्गणीचे पैसे आणि आंतील कोणाची तरी शिफारस लागे. स्त्रियांस तर मूळ मंडळाचें दार बंदच राहिलें. ॲनी बेझंट यांनीं 1902 मध्यें स्त्रीपुरुष दोघांस मोकळ्या असलेल्या निराळ्या मेसन पंथाची दीक्षा घेतली आणि तो या देशांत आणला, तो याच उणिवेमुळें.

माणकजींचा पुढील इतिहास मात्र सांगण्यासारखा आहे. 1863 मध्यें त्यांनीं मुंबईंत मुलींसाठीं अलेक्झांड्रा नांवाची इंग्रजी शिक्षणाची शाळा काढली. बंद दारापुढें उभें राहण्याचा अनुभव ज्यास होता, त्यानेंच दुसऱ्यांसाठीं एक दार उघडलें. माणकजींच्या चरित्रांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

मराठी समाजानेंहि याच सुमारास एक गुप्त बंधुमंडळ निर्माण केलें. परमहंस सभा हें त्याचें नांव. व्याकरणकार म्हणून प्रसिद्ध असलेले दादोबा पांडुरंग हे त्याचे प्रवर्तक. सुरतेस दुर्गाराम मेहताजी यांच्याबरोबर त्यांनीं 1844 मध्यें मानवधर्म सभा चालविली होती, आणि मुंबईस आल्यावर 1849 मध्यें ही नवी सभा स्थापिली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. जातिभेद मोडावा, एका ईश्वराची भक्ति करावी, हें तिचें ध्येय. तिचा दीक्षाविधि मेसनांच्या विधीहून कितीतरी साधा, पण आपल्या समाजांत कितीतरी धाडसाचा होता. नव्या सभासदानें ख्रिस्ती पाववाल्यानें भाजलेला पाव खावयाचा आणि परजातीच्या हातचें पाणी प्यावयाचें! जेथें मेसन बंधु अडखळले, त्या अन्नापासूनच आमच्या लोकांनीं आरंभ केला. एका घासांत साऱ्या स्मृति आणि सारे निबंध बाजूस सारण्याचा हा प्रयोग होता.

परंतु हें सारें बंद दाराआड. सभासदांचीं नांवें गुप्त, बैठका गुप्त. घरीं मातापितरांपुढें, जातीच्या पंचांपुढें, सोयऱ्याधायऱ्यांपुढें मंडळी पूर्वींसारखीच सोवळ्यांत वागत. पुढें जेव्हां पुरेसे लोक मिळतील तेव्हां उघडपणें जातिभेद टाकूं, असा त्यांचा बेत होता. तो दिवस आलाच नाहीं. 1860 मध्यें सभेचें दप्तर कोणीतरी चोरून नेलें. सभासदांचीं नांवें आतां चव्हाट्यावर येणार, असा बोभाटा झाला, आणि एवढ्यानें सभा फुटली. जी मंडळी गुप्तपणें पाव खाण्यास भ्यालीं नव्हतीं, तीं आपलें नांव उघड होण्यास भ्यालीं. त्यांना हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. जातींतून बाहेर टाकणें म्हणजे त्या काळीं काय होतें, विहीर कशी तुटे, मुलीचें लग्न कसें मोडे आणि आईच्या मयतीस खांदेकरीहि कसे मिळत नसत, हें ज्यास ठाऊक आहे तो त्यांना भ्याड म्हणण्याची घाई करणार नाहीं. पण गुप्ततेनें जन्मास येऊं शकलेला बंधुभाव गुप्ततेनें वाढूं शकला नाहीं, एवढा धडा मात्र स्पष्ट आहे.

तो धडा पुढील पिढीनें घेतला. दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानें 1867 मध्यें प्रार्थना समाज निघाला, तो उघड्या दारांनीं. या समाजाच्या मंडळींनीं मजुरांसाठीं रात्रीच्या शाळा काढल्या, पंढरपुरास 1875 मध्यें टाकलेल्या अर्भकांसाठीं घर उभारलें. विठ्ठल रामजी शिंदे यांनीं 1906 मध्यें अस्पृश्यवर्गीयांसाठीं काढलेलें निराश्रित साहाय्यकारी मंडळ हेंहि याच परंपरेंतलें. जोतीराव फुले यांचा सत्यशोधक समाज तर 1873 मध्यें पुण्यास उघडपणेंच उभा राहिला होता. दप्तर चोरीस जाण्याचें भय ज्यास नाहीं, तेंच मंडळ रस्त्यावर उतरून सेवा करूं शकतें.

आतां परभणीकडे वळूं. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्याच्या राजधानींतहि मेसनांचें लॉज होतें. हैदराबादेंतील गोशामहाल बारादरी ही कुतुबशाहीच्या शेवटच्या सुलतानाच्या काळची इमारत 1872 मध्यें मेसनांस मिळाली. दरबारचे उमराव आणि रेसिडेन्सीचे अधिकारी यांस एकत्र बसण्यास अशी प्रशस्त वास्तु लाभली. दोनशें वर्षांचा सुलतानी महाल आणि आंत गुण्या व कंपास, असा तो अपूर्व संयोग होता. त्याच राज्यांत, गोदावरीच्या खोऱ्यांतील एका जिल्ह्याच्या गांवीं, मराठी माणसांस एकत्र बसावयाचें झालें तर त्यांनीं कोठें बसावें? त्यांस कोणी बारादरी दिली नव्हती.

त्यांनीं वाचनालय काढलें. परभणीचें गणेश वाचनालय 1901 सालचें. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग याच सुमारास सुरू झाला होता, आणि मुंबई-पुण्याचीं पत्रें व पुस्तकें आतां आगगाडीनें येऊं शकत होतीं. या योगायोगाकडे आमचें लक्ष विशेष वेधतें. कारण त्या राज्यांत मराठी ही बहुजनांच्या घरची भाषा असली, तरी कचेरीची भाषा उर्दू होती. वरच्या वर्गांचें शिक्षणहि पुढें उर्दूंतच चाललें, आणि 1918 मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें तेंहि उर्दू माध्यमाचें. उर्दू ही गोड आणि समृद्ध भाषा आहे, तिच्याशीं कोणाचें वैर असण्याचें कारण नाहीं. पण ज्या मुलास घरीं ओव्या आणि अभंग ऐकूं येतात, त्यास शाळेंत व कचेरींत आपली भाषा कोठेंच भेटूं नये, ही स्थिति दुःखाची होती. अशा ठिकाणीं मराठी पुस्तकांचें एक कपाट म्हणजे त्या भाषेचें माहेरघरच. केशवराव कोरटकर यांनीं, जे वसमत तालुक्यांतले म्हणजे जुन्या परभणी जिल्ह्यांतलेच, हैदराबादेस वामन नाईक आदि मंडळींच्या साहाय्यानें 1907 मध्यें विवेकवर्धिनी शाळा उभी केली, तिच्यामागेंहि हीच तळमळ होती.

पुढें 1929 मध्यें निजाम सरकारची प्रसिद्ध त्रेपन्न क्रमांकाची गश्ती निघाली, आणि सार्वजनिक सभांवर सरकारी परवानगीचें बंधन आलें. चार माणसांनीं एकत्र येऊन बोलणें हाच संशयाचा विषय झाला. मेसनांच्या दारावरील तलवार ही आंतल्यांनीं स्वखुषीनें ठेविलेली होती. बाहेरच्यांनीं आंत येऊं नये, एवढाच तिचा हेतु. परभणीच्या लोकांच्या दारावर जी तलवार टांगली गेली, ती राज्यसत्तेची होती, आणि आंतल्यांनींच एकत्र येऊं नये हा तिचा हेतु होता. अशा काळीं वाचनालय, व्याख्यान, गणेशोत्सव, शाळा यांसारख्या निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टींस जें महत्त्व येतें, तें स्वतंत्र देशांत वाढलेल्या वाचकास सांगून पटणें कठीण. गुप्त होण्याचें सबळ कारण असतांहि या संस्था उघड्या राहिल्या. नांवें लपविलीं नाहींत, पाटी उतरविली नाहीं. परमहंस सभेस जें साधलें नाहीं, तें या साध्या कपाटांनीं साधलें.

या उघड्या संस्थांनीं जें वातावरण तयार केलें, त्याचें फळ लवकरच दिसलें. 1937 मध्यें परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. परतूर हल्लीं जालना जिल्ह्यांत मोडतें, पण तेव्हां तें परभणी जिल्ह्यांत होतें. अध्यक्षस्थानीं होते परभणीचे वकील गोविंदराव नानल. पुढच्याच वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वींच बंदी आली, तेव्हां 24 ऑक्टोबर 1938 रोजीं जी पहिली तुकडी सत्याग्रहास निघाली तिचे प्रमुखहि तेच. तींत मराठी होते तसे तेलुगु आणि कानडी भाषकहि होते. कोणतीहि गुप्त खूण न ठरवितां, कोणताहि झगा न घालतां हीं माणसें एकमेकांचे बंधु झालीं, आणि तुरुंगाच्या एकाच अन्नावर राहिलीं. येथें पंगतीचा प्रश्न आपोआपच सुटला होता!

वाङ्मयाच्या क्षेत्रांतहि परभणीचा हा वारसा खुंटला नाहीं. तेव्हांच्या परभणी जिल्ह्यांतील सातोना येथें 1913 मध्यें जन्मलेले कवि-कादंबरीकार बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुळकर्णी, यांनीं निजामाच्या बांधकाम खात्यांत कारकुनी करीत मराठींत लिहिलें आणि 1953 मध्यें अकालीं देह ठेविला. बांधकामाच्या कचेरींत दिवसभर उर्दू दप्तराशीं झुंजणारा हा कारकून घरीं येऊन मराठी कादंबरीची भिंत उभारीत होता. खऱ्या अर्थानें गवंडी तोच, असें कोणी म्हटलें तर आम्हांस तें पटेल. त्यांच्या स्मरणार्थ होणारा महोत्सव गणेश वाचनालयानेंच चालविला आहे. आणि 1995 मध्यें याच परभणींत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां त्याचे अध्यक्ष होते नारायण सुर्वे. जन्मतःच रस्त्यावर टाकलेलें मूल, गिरणीकामगारानें वाढविलेलें. शिपाई आणि पुढें शिक्षक म्हणून राबलेला कवि. कोणत्याहि शिफारशीशिवाय असा मनुष्य सभेच्या मुख्य आसनावर बसतो, तेव्हां ज्या दाराविषयीं आम्हीं लिहीत आहों तें किती रुंदावलें याचें माप मिळतें.

येथें परभणीची फाजील स्तुति करण्याचा मोह आवरला पाहिजे. उघड्या दारांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजानेंहि दारें बंद ठेविलींच होतीं. गंगाखेडची जनाबाई याच जिल्ह्याची. तिच्या विठ्ठलाच्या वाळवंटांत वैष्णव एकमेकांच्या पायां पडत, पण चोखोबाच्या लेकरांस देवळाचा उंबरठा ओलांडतां येत नव्हता. तो ओलांडतां यावा म्हणून साने गुरुजींस 1947 मध्यें प्राण पणास लावून उपोषण करावें लागलें. वाचनालयांतहि सर्व वस्त्यांतील वाचक आरंभापासून सारख्याच मोकळेपणानें आले असतील, असें समजणें भाबडेपणाचें होईल. पाटीवर "सर्वांस मोकळें" असें लिहिलें म्हणजे सर्वांस पायरी चढण्याचा धीर येतोच असें नाहीं. तो धीर देणें हेंच आंतल्यांचें काम.

म्हणून फ्रीमेसनांस जादूघरवाले म्हणून हिणवावें, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या काळीं या देशांत निरनिराळ्या धर्मांच्या माणसांस शेजारीं बसविणारी जागाच नव्हती, त्या काळीं त्यांनीं एक खोली तरी उपलब्ध केली. ती खोली लहान होती, तिचें भाडें महाग होतें, आणि दारावर तलवार होती. पण पुढें जीं मोठीं घरें झालीं, त्यांतील कांहींचा आराखडा प्रथम अशाच लहान खोल्यांत आंखला गेला. आज तीं मंडळें आपल्या वाढदिवशीं बाहेर येऊन रुग्णांची शुश्रूषा करतात, मुलांस शिकवितात, हें त्यांच्या प्रतिज्ञेस शोभणारेंच आहे.

मात्र दान आणि बंधुभाव या दोन गोष्टी एक नव्हेत. दान वरून खालीं जातें. देणारा उंबरठ्याच्या आंत आणि घेणारा बाहेर राहिला तरी तें पोंचतें. बंधुभावास दोघेहि एकाच बाजूस असावे लागतात. आपल्या गांवोगांवच्या वाचनालयांचे, व्यायामशाळांचे, सेवामंडळांचे हीरक आणि शतक महोत्सव होत असतात. त्या प्रसंगीं अहवाल जरूर वाचावे, देणगीदारांस हार जरूर घालावे. पण त्याबरोबरच या वर्षीं आपल्या उंबरठ्याच्या आंत प्रथमच कोण आलें, याचीहि एक ओळ अहवालांत असावी. ज्या वर्षीं ती ओळ कोरी राहील, त्या वर्षीं आरास कितीहि झगमगीत असली, तरी मंडळाचें वय तेवढें वाढलें असें समजावें.